छावणीचा कायदा आणि नोंदवहीतील स्त्री

भालकी तालुक्यातील खटकचिंचोळी हा गाव १९४८ पर्यंत निजामाच्या मुलखात मोडत असे. या मुलखात गादी निजामाची असली, तरी तलवार इंग्रजांची होती. १७९८ च्या तहान्वये कंपनी सरकारची तैनाती फौज हैदराबादेत कायम झाली व १८०६ मध्ये तिच्या छावणीस सिकंदराबाद हे नाव मिळाले. परमुलखात फौज ठेवावयाची म्हणजे दाणावैरण, दारूगोळा व इस्पितळे यांची तजवीज आलीच. पुढे या तजविजीत स्त्रीचीही गणना झाली, हे छावण्यांच्या इतिहासातील एक दुःखद प्रकरण होय.

गोऱ्या शिपायांपैकी थोड्यांनाच विवाहाची परवानगी मिळे. उरलेल्यांसाठी पलटणीच्या बाजारात वेश्यांची वस्ती राखली जाई. तिला ‘लाल बाजार’ म्हणत. वस्तीवर ‘महालदारीण’ देखरेख करी. १८६४ च्या छावणी कायद्याने या व्यवस्थेस कायद्याचा आधार दिला. गोऱ्या शिपायांकडे जाणाऱ्या स्त्रीचे नाव नोंदवहीत चढे, तिला तिकीट मिळे आणि ठरावीक मुदतीने तिची सक्तीने तपासणी होई. रोग आढळताच तिची रवानगी ‘लॉक हॉस्पिटला’त होई. अशी इस्पितळे पुणे व खडकी येथेही होती. १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्याने हीच पद्धत मोठ्या शहरांत आणली. रोग दोघांचा; नोंद मात्र एकीचीच. कायद्यास चिंता स्त्रीच्या प्रकृतीची नव्हती, पलटणीच्या संख्याबळाची होती.

१७ जून १८८६ रोजी सरसेनापती रॉबर्ट्स यांच्या कारकिर्दीत एक परिपत्रक निघाले. पलटणींच्या बाजारांत पुरेशा संख्येने व पुरेशा आकर्षक स्त्रिया असाव्यात, असा त्याचा आशय होता. १८८८ मध्ये ते उघडकीस येताच इंग्लंडात गहजब झाला. जोसेफिन बटलर यांच्या चळवळीस बळ मिळाले, पार्लमेंटने सक्तीच्या तपासणीविरुद्ध ठराव केला आणि १८६८ चा कायदा रद्द झाला.

तथापि कागदावरील हुकूम छावणीच्या वेशीवर अडला. १८९१-९२ मध्ये एलिझाबेथ अँड्र्यू व कॅथरिन बुशनेल या दोन अमेरिकन स्त्रियांनी उत्तर हिंदुस्थानातील छावण्या हिंडून पाहिल्या, तेव्हा जुनीच पद्धत चालू असल्याचे त्यांना आढळले. रॉबर्ट्स यांनी प्रथम त्यांचे म्हणणे खोडून काढले. परंतु चौकशीअंती १८९३ मध्ये त्यांना त्या दोघींची जाहीर क्षमा मागावी लागली. १८९५ मध्ये सक्तीच्या तपासणीस कायद्याने मनाई झाली. पण शिपायांतील रोगाचे वाढते आकडे पुढे करून १८९७ मध्ये ती मनाई उठविण्यात आली.

क्षमा मागितली गेली ती परदेशी विदुषींची. ज्या स्त्रियांची नावे नोंदवहीत चढली, त्यांची क्षमा कोणी मागितली नाही. दुष्काळाने, वैधव्याने वा दारिद्र्याने त्या बाजारात आलेल्या स्त्रीस स्वतःची हकिकत लिहिण्याइतके अक्षरज्ञान क्वचितच लाभले. तिच्याविषयीचे दप्तर सेनाधिकाऱ्यांचे, डॉक्टरांचे व सुधारकांचे आहे. ग्रंथालयाच्या कपाटातील असे दप्तर वाचताना, त्यात कोणाचा शब्द उमटलेला नाही, याचेही स्मरण ठेवणे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.