विकतचा सल्ला, सरकारी खर्चाने

फुकटच्या सल्ल्याला किंमत नसते असं आपल्याकडे म्हणतात. पण सल्ला विकतचा आणि बिल मात्र सरकारच्या नावावर, असं झालं तर? एआय, ऑटोमेशन वगैरे नव्या तंत्रज्ञानाबद्दल तज्ज्ञाला विचारायला छोट्या उद्योगांना अनुदान द्यायचं, ही कल्पना ऐकली की वाटतं हे सगळं गेल्या पाच-दहा वर्षांतलं असणार. तर मंडळी, तसं नाही. कल्पना चांगली ४५ वर्षांहून जुनी आहे, आणि तिची एक मस्त गोष्ट ब्रिटनमध्ये घडली आहे.

इंटेलने १९७१ मध्ये ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. त्यात २,३०० ट्रान्झिस्टर होते, आणि मुळात तो एका जपानी कंपनीच्या कॅल्क्युलेटरसाठी बनवलेला. पण लवकरच कळलं की दातेरी चाकं आणि स्प्रिंगांवर चालणारी बरीचशी यंत्रं एका चिपवर चालू शकतात. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात एनसीआर कंपनीचा कॅश रजिस्टरचा मोठा कारखाना होता. दुकानातल्या गल्ल्यावर ठेवतात ना, ती यंत्रं. ती इलेक्ट्रॉनिक झाली तसे सुटे भाग कमी झाले, जोडणारे हात कमी लागायला लागले, आणि १९७० च्या दशकात तिथल्या हजारो नोकऱ्या गेल्या.

३१ मार्च १९७८ ला बीबीसीच्या 'होरायझन' मालिकेत 'नाऊ द चिप्स आर डाऊन' हा कार्यक्रम लागला. चिपमुळे काय काय बदलणार हे लोकांनी घरबसल्या पाहिलं आणि देशभर चर्चा सुरू झाली. त्याच वर्षी पंतप्रधान जेम्स कॅलहन यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने 'मायक्रोप्रोसेसर अ‍ॅप्लिकेशन प्रोजेक्ट', थोडक्यात 'मॅप', ही योजना आणली. त्यासाठी एकूण ५.५ कोटी पौंड ठेवले.

मॅपचे तीन भाग होते. पहिला, जागृती आणि प्रशिक्षण. तिसरा, प्रत्यक्ष नवं उत्पादन विकसित करायच्या खर्चातला काही वाटा सरकारने उचलायचा. मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो तो मधला. कंपनीने मान्यताप्राप्त यादीतला सल्लागार बोलवायचा, त्याने 'तुमच्या मालात किंवा तुमच्या कारखान्यात चिपचा काही उपयोग आहे का' एवढंच तपासून अहवाल द्यायचा, आणि त्यासाठी कंपनीला २,००० पौंडांपर्यंत अनुदान. आपल्या भाषेत फीजिबिलिटी स्टडी.

आता तुम्ही म्हणाल, चिप इतकी फायद्याची होती तर कारखानदार स्वतःच्या खिशातून सल्लागार नेमणार नाहीत का? इथेच तर गंमत आहे. अर्थतज्ज्ञ केनेथ अ‍ॅरो यांनी १९६२ मध्ये एक तिढा मांडला होता. माहितीची किंमत ती मिळेपर्यंत कळत नाही, आणि मिळाल्यावर पैसे द्यायचं कारण उरत नाही. गियर घासण्यात उभं आयुष्य गेलेल्या माणसाला मायक्रोप्रोसेसरबद्दल काय विचारायचं हेच माहीत नसतं. मग तो एकतर गप्प बसतो, नाहीतर दारात पहिला जो सेल्समन येईल त्याचं ऐकतो. सरकारने उचलला तो या पहिल्या प्रश्नाचा खर्च.

१९७९ मध्ये सत्ताबदल झाला. मार्गारेट थॅचर आल्या. उद्योगमंत्री झाले कीथ जोसेफ, म्हणजे सरकारने बाजारात ढवळाढवळ करू नये असं मानणाऱ्यांचे म्होरके. मॅप गुंडाळणार असंच कोणालाही वाटलं असतं. पण हुजूर पक्षाच्या सरकारनेही ती चालू ठेवली! पुढे १९८० च्या दशकात पॉलिसी स्टडीज इन्स्टिट्यूटने १,२०० कारखान्यांची पाहणी केली. त्यात मोठी अडचण निघाली ती हे तंत्र समजणाऱ्या माणसांच्या कमतरतेची.

अमेरिकेचा अनुभव आणखी बोलका आहे. तिथे १९८८ च्या कायद्याने छोट्या कारखान्यांसाठी तंत्रज्ञान केंद्रं काढायचं ठरलं. सरकारी प्रयोगशाळेतलं अत्याधुनिक तंत्र वर्कशॉपपर्यंत पोचवायचं, हा हेतू. १९९१ मध्ये तिथल्या हिशेब तपासनीस कार्यालयाने पाहिलं तर काय, छोट्यांना हवं होतं बाजारात आधीपासून मिळणारं, वापरून सिद्ध झालेलं तंत्र. केंद्रांनाही मग तिकडेच वळावं लागलं.

माझे एक काका भोसरी एमआयडीसीत वर्कशॉप चालवतात. चार सीएनसी मशिनं, बारा माणसं. परवा फोनवर म्हणाले, "अरे, ते एआय आपण घ्यायचं का रे?" जणू वॉटर प्युरिफायर घ्यायचाय :) पण प्रश्न अगदी खरा आहे. चुकीच्या गोष्टीत पाच-सात लाख अडकले तर त्यांचं वर्ष जातं. त्यांना सल्ला देणारे तिघं येऊन गेले, आणि तिघांकडेही विकायला काहीतरी होतं. मी स्वतः ज्या धंद्यात आहे तिथे 'तुम्हाला हे लागत नाही' असं सांगणाऱ्याला इन्सेंटिव्ह मिळत नाही, हे मला रोज दिसतं.

कॅनडाने २०२२ मध्ये जुनाच प्रयोग नव्याने केला. डिजिटल सल्लागाराच्या खर्चाचे ९० टक्के, कमाल १५,००० डॉलर. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवे अर्ज घेणं बंद झालं. आपल्याकडे २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'लीन' योजनेत लघुउद्योगांच्या सल्लागाराचा ९० टक्के खर्च केंद्र सरकार उचलेल असं ठरलं. तो सल्ला कारखान्यातली नासाडी कमी करण्याचा, एआयचा नाही. पण माझ्या मते काकांसारख्यांनी सुरुवात तिथूनच करावी. अमेरिकेत १९९१ ला दिसलं ते हेच.

या सगळ्यातून मला कळलेला मुद्दा एवढाच. यंत्राला अनुदान दिलं की माणूस यंत्र घेतो, लागो न लागो. सल्ल्याला दिलं तर तो आधी विचार करतो. अट मात्र एक: सल्लागाराकडे विकायला दुसरं काही नसावं, आणि अहवालात 'नको' लिहिलं तरी त्याची फी बुडता कामा नये. मॅपच्या यादीतल्या कुणी 'तुम्हाला चिपची गरज नाही' असं लिहिलं असेल, तर ते २,००० पौंड मी सत्कारणी लागले असंच म्हणेन.