मुठीतला दगड : कट्यारीपासून गिअरपर्यंत

मोटारीच्या गिअरच्या दांड्यावर घोटीव दगडाची मूठ बसवून घेण्याची हौस अलीकडे देशोदेशी वाढली आहे. अकीक, स्फटिक किंवा गोमेदाचा चकचकीत गोळा दांड्यावर बसतो आणि गाडीचा मालक तो येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवतो. वरवर पाहता हा श्रीमंतांचा छंद वाटतो. परंतु हाताच्या पकडीसाठी दगड घडवण्याच्या या विद्येची मुळे आपल्या शेजारी, खंबायतच्या आखातापर्यंत जाऊन पोहोचतात. बडोद्याच्या मराठी कुटुंबांना खंबायत काही परके नाही. या शहरावर मराठ्यांचा चौथाईचा हक्क होता आणि १८०२ च्या वसईच्या तहाने पेशव्यांचा तो हक्क इंग्रजांकडे गेला. मात्र इतिहासात आपण चौथाईचा हिशेब वाचतो. त्या शहराचे पोट ज्या दगडावर चालले, त्याची दखल क्वचितच घेतो.

हा दगड म्हणजे अकीक. तो मिळे राजपीपळा संस्थानातील रतनपूरच्या टेकड्यांत आणि घडवला जाई खंबायतेत. ही परंपरा किती जुनी, याची साक्ष लोथल देते. तेथे १९५५ पासून झालेल्या उत्खननात मणी घडवण्याची जागा आणि भट्टी सापडली. इराकमधील उर येथे १९२२ ते १९३४ या काळात लिओनार्ड वूली यांनी जे उत्खनन केले, त्यात सिंधू संस्कृतीच्या पद्धतीचे नक्षीदार लाल मणी मिळाले. म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वी हा माल समुद्रापार जात होता.

मण्यांच्या जोडीने मुठीही होत्या. दुआर्त बार्बोझा या पोर्तुगीज प्रवाशाने १५१६ च्या सुमारास गुजरातच्या अकीकाचे वर्णन केले आहे. दगड विस्तवात ठेवून अधिक लाल करतात, त्याच्या अंगठ्या, गुंड्या आणि सुऱ्यांच्या मुठी बनवतात, असे तो सांगतो. पुढे मोगल दरबारात यशम दगडाच्या कट्यारीच्या मुठींना बहर आला. हैदराबादकर वाचकांनी सालारजंग संग्रहालयातील यशमाचे दालन पाहिले असेलच. तेथील नूरजहानची म्हणून दाखवली जाणारी कट्यार पाहिली, की दगड तळहाताला किती सुखाचा वाटेल असा घडवता येतो, हे ध्यानात येते. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या सहाव्या खंडातही खंबायतच्या अकीक-उद्योगाची सविस्तर नोंद आहे.

घडवण्याची रीत साधी दिसते, पण प्रत्येक टप्प्याला अनुभव लागतो. खाणीतला दगड आधी उन्हात वाळवतात. मग मातीच्या मडक्यात घालून शेणाच्या मंद आचेवर भाजतात. दगडातील लोहाच्या संयुगातले पाणी निघून जाते आणि पिवळट-तपकिरी रंग लाल होतो. आच एकदम वाढली, तर दगड तडकतो. त्यानंतर जमिनीत रोवलेल्या लोखंडी अणीवर दगड टेकवून म्हशीच्या शिंगाच्या डोक्याच्या हातोडीने हलके ठोके मारतात. घाव हातोडीचा, पण कपची उडते अणीच्या बाजूने. आकार आला की लाख व कुरुंदाच्या चाकावर घासणे, मग घोटणे. भोक पाडायचे असेल, तर सामत्याच्या टोकाला हिरकणी बसवून, पाण्याची धार धरून.

अशा कलेला मोटारीने नवे स्थान दिले. १८९१ मध्ये पानार आणि लेव्हासोर यांच्या फ्रेंच गाडीत सरकत्या दंतचक्रांची पेटी आली आणि चालकाच्या हाती दांडा आला. दांड्याला बोंड हवे होते. १९०७ मध्ये बेकलाइटचा शोध लागल्यावर स्वस्त मुठींची सोय झाली, तरीही १९२० आणि १९३० च्या दशकांत अमेरिकेत लहरीदार रंगीत काचेच्या मुठी हौसेने बसवल्या जात. काचेतली ती नक्षी अकीकाचीच आठवण करून देई. आपल्याकडे अँबेसेडर आणि फियाटच्या गाड्यांत गिअरचा दांडा बराच काळ स्टिअरिंगला लागून असे. १९८३ च्या मारुती ८०० ने जमिनीवरचा दांडा घरोघरी पोहोचवला.

दगडाच्या गोळ्याला गिअरची मूठ करताना अडचण सौंदर्याची नाही, आट्यांची आहे. दगड ठिसूळ असल्याने त्यात थेट आटे पाडता येत नाहीत. पाडले, तर पिळताना तडा जातो. म्हणून हिरकणीच्या ड्रिलने, पाणी सोडत भोक पाडतात आणि त्यात आटे असलेला पितळी बुश चिकटवतात. आट्यांची मापे कंपनीगणिक वेगळी असतात, त्यामुळे आधी दांडा मोजावा लागतो. पन्नास मिलिमीटर व्यासाचा अकीकाचा गोळा भोकापूर्वी सुमारे १७० ग्रॅम भरतो. प्लॅस्टिकच्या मुठीहून तो जड असल्याने गिअर टाकताना हाताला वेगळे जाणवते. उन्हात तापलेला दगड मात्र चटका देतो. झिलईसाठी सिलिकॉन कार्बाइडची भरड ते बारीक पूड क्रमाने वापरतात आणि शेवटी सेरियम ऑक्साइडने आरसा चढवतात.

आता या वैभवाची दुसरी बाजू. अकीक म्हणजे मुख्यतः सिलिका. ती कोरडी घासली, की बारीक भुकटी फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. त्यावर औषध नाही. क्षयही सहज जडतो. विजेच्या चाकांनी काम वेगाने होऊ लागले, तशी धूळही वाढली. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक स्वास्थ्य संस्थेने १९८० च्या दशकापासून खंबायतच्या कारागिरांची तपासणी करून हा आजार नोंदवला आहे. बडोद्यातील पीपल्स ट्रेनिंग अँड रिसर्च सेंटर ही संस्थाही त्यांच्यासाठी काम करत आली आहे.

प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माणसाला येथील पेच लगेच दिसतो. १९४८ च्या कारखाने कायद्याची मर्यादा वीज असेल तर दहा कामगारांची, नसेल तर वीस कामगारांची होती. घराच्या ओसरीवर चाक चालवणारे कुटुंब त्यात बसत नव्हते. मालक दगड देतो, कारागीर घासून आणतो, मोबदला नगावर. कोण कोणाचा नोकर, हे कागदावर सिद्ध होत नाही आणि मग भरपाईचा प्रश्न अडतो. शिवाय धूळ चाकापाशी थांबत नाही. ओसरीवर बसलेली बायकामुलेही ती श्वासातून घेतात. आजार मात्र कित्येक वर्षांनी उमटतो, तोवर माल देणाराही बदललेला असतो.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे आपण म्हणतो. येथे घाव दगडाने सोसले आणि त्याची किंमत माणसाने दिली. उपाय अवघड नाही : ओल्या चाकावर घासणे, धूळ खेचणारा पंखा बसवणे, काम घरापासून दूर नेणे. खर्च थोडा वाढतो. म्हणून यापुढे कोणी आपल्या गाडीसाठी अकीकाची मूठ मागवली, तर तिचा रंग आणि वजन पाहण्याआधी एक प्रश्न दुकानदाराला जरूर विचारावा : हा दगड पाण्यात घासला की कोरडा? हा प्रश्न जितक्या ग्राहकांकडून येईल, तितकी खंबायतच्या ओसरीवर पाण्याची सोय होण्याची शक्यता वाढेल.