इंजिन तेल आणि इंजिनाची झीज

इंजिन तेल हे अंतर्ज्वलन इंजिनातील एकमेकांवर घासणाऱ्या भागांमध्ये पातळ थर निर्माण करणारे वंगण आहे. व्यवहारात त्याला 'इंजिन ऑइल' किंवा नुसते 'ऑइल' म्हणतात. घर्षण कमी करण्याबरोबरच उष्णता वाहून नेणे, काजळी व धातूचे सूक्ष्म कण धरून ठेवणे आणि ज्वलनातून निर्माण होणारी आम्ले निष्प्रभ करणे ही कामेही ते करते. तेल किती जुने झाले, हे सहसा धावलेल्या किलोमीटरवरून ठरवले जाते. ठाणे, कल्याण व डोंबिवलीसारख्या गर्दीच्या शहरांत मात्र हा हिशेब फसवा ठरतो.

झीज कशी होते

इंजिन वेगात चालू असताना क्रँकशाफ्ट व त्याची बेअरिंगे यांच्यामध्ये तेलाचा अखंड थर असतो आणि धातूचा धातूशी जवळजवळ स्पर्श होत नाही. पिस्टन ज्या टोकांना क्षणभर थांबून दिशा बदलतो तेथे, तसेच कॅमच्या उंचवट्यांवर, हा थर विरळ होतो. अशा ठिकाणी तेलात मिसळलेली जस्त व फॉस्फरस यांची संयुगे पृष्ठभागावर संरक्षक लेप तयार करतात. वापराबरोबर ही संयुगे खर्च होत जातात. बंद इंजिनातील तेल खाली निथळलेले असल्याने ते सुरू करतानाचे पहिले काही क्षणही झिजेच्या दृष्टीने महत्त्वाचे असतात.

श्यानता

तेलाचा दाटपणा, म्हणजे श्यानता, '५डब्ल्यू-३०' अशा खुणेने दर्शवतात. पहिला आकडा थंडीतील प्रवाहीपणाशी संबंधित असून '५डब्ल्यू' तेलाची एक चाचणी उणे ३० अंश सेल्सिअसला घेतली जाते. ठाण्यात असे तापमान कधीच नसते, त्यामुळे येथे दुसरा आकडा अधिक मोलाचा. '३०' प्रतीच्या तेलाची श्यानता १०० अंश सेल्सिअसला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स असते. जुन्या इंजिनांत २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० तेल सर्रास वापरले जाई. त्यातूनच 'जाड तेल म्हणजे जास्त संरक्षण' हा समज रूढ झाला असावा. नव्या इंजिनांतील फटी अरुंद असतात, म्हणून उत्पादकाच्या पुस्तिकेतील प्रत पाळणेच योग्य.

शहरी वापर

घोडबंदर रस्ता, माजिवडा नाका किंवा कल्याण-शिळफाटा मार्ग येथील कोंडीत मोटार थांबली तरी इंजिन चालूच राहते. सरासरी वेग ताशी ५० किलोमीटर धरल्यास १०,००० किलोमीटरसाठी इंजिन २०० तास चालते. वेग ताशी १५ किलोमीटर असेल तर सुमारे ६६७ तास. मीटरवरचा आकडा तोच, पण तेलाने केलेले काम तिपटीहून अधिक.

याच्या उलट प्रकार घरापासून स्थानकापर्यंतच्या छोट्या फेऱ्यांचा. पुढचा प्रवास लोकलने होत असल्याने मोटार दोन-तीन किलोमीटर धावून उभी राहते. तेल पुरेसे तापत नाही, त्यातील पाण्याची वाफ व न जळलेले पेट्रोल उडून जात नाही, तेल पातळ होते आणि कालांतराने गाळ साचतो. अनेक उत्पादक अशा वापराला 'तीव्र वापर' मानून तेल लवकर बदलण्यास सांगतात. मोटार फारशी धावली नसली तरी पुस्तिकेतील महिन्यांची मर्यादा पाळावी लागते, ती यामुळेच.

केवळ रंगावरून तेल निकामी ठरवता येत नाही. डिझेल इंजिनात नवे तेलही काजळीमुळे लवकर काळे पडते. डिपस्टिकवर दुधाळ तेल दिसणे मात्र त्यात पाणी शिरल्याचे लक्षण असू शकते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत कल्याण परिसर जलमय झाला होता. अशा पाण्यात बुडालेली मोटार ओढून कार्यशाळेत नेणे सुरक्षित असते. ती सुरू करून पाहिल्यास सिलिंडरमधील पाणी दाबले न गेल्याने कनेक्टिंग रॉड वाकण्याचा धोका असतो, आणि पाणी मिसळलेले तेल बेअरिंगांचे रक्षण करू शकत नाही.

वापरलेले तेल भारतात घातक कचऱ्यात गणले जाते. ते गटारात किंवा नाल्यात न ओतता अधिकृत संकलकाकडे द्यावे लागते.