फोटोवरची तारीख खरी कशावरून?

समजा, तुम्ही जिवतीच्या जंगलात कॅमेरा ट्रॅप लावलाय. बिबट्याचा फोटो मिळाला, खाली तारीख-वेळ आहे. गाइड विचारतात, "ही तारीख खरी कशावरून?" काय सांगाल?

तारीख, वेळ, मॉडेल ही माहिती फोटोच्या फाइलमध्येच ठेवणारं एक्झिफ आलं १९९५ मध्ये. पण ती माहिती कुणीही साध्या सॉफ्टवेअरने बदलू शकतं. गंमत बघा, उपाय त्याआधीच, १९९३ मध्ये गॅरी फ्रीडमन यांनी सुचवला होता: फोटो काढतानाच कॅमेऱ्याने फाइलचा हॅश, म्हणजे बोटाच्या ठशासारखी एक संख्या, काढायची आणि आपल्या गुप्त किल्लीने सही करायची. मग एक पिक्सेल बदलला तरी सही जुळत नाही.

पुढे कॅनन, निकॉनने काही महागड्या कॅमेऱ्यांत अशा पडताळणीची सोय दिली. पण २०१० मध्ये एल्कमसॉफ्टने कॅननची किल्ली कॅमेऱ्यातूनच बाहेर काढली आणि चंद्रावर सोव्हिएत झेंडा रोवल्याचा फोटो 'अस्सल' म्हणून पास करून दाखवला! वर्षभरात निकॉनचीही तीच गत.

आपल्याकडे जालन्याच्या २०१४ च्या निवडणुकीतल्या व्हिडिओवरून वाद सुप्रीम कोर्टात गेला. २०२० मध्ये कोर्टाने सांगितलं, मूळ उपकरण हजर नसेल तर प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात त्या प्रमाणपत्रावर हॅशही लिहावा लागतो.

पण कॅमेऱ्याचं घड्याळच चुकलं असेल, तर सहीसुद्धा चुकीच्या तारखेवरच होणार. म्हणून मी कॅमेरा लावताना पहिला फोटो मोबाइलवरच्या वेळेचा घेतो, आणि कार्ड काढलं की लगेच हॅश काढून वहीत उतरवतो.