पिशवी दाबणारे हात

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. निमित्त भाच्याचं. आमचा धाकटा भाचा एमडी झाला आणि आता फुप्फुसाचे आजार आणि अतिदक्षता या विषयाचं पुढचं शिक्षण घ्यायला चाललाय. घरी पेढे आले. वरोऱ्याच्या काकूने पेढा हातात धरूनच विचारलं, "शिकून इकडे येशील का रे बाबू?" तो नुसता हसला.

काकूच्या प्रश्नामागे काय आहे ते नातेवाइकांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की २०२१ च्या एप्रिलमध्ये काका गेले. खाटेसाठी आधी चंद्रपूरकडे फोन, मग नागपूरकडे. शेवटी एका ठिकाणी जागा मिळाली. तिथे कोपऱ्यात कोरं करकरीत व्हेंटिलेटर होतं, पण ते चालवू शकेल असं रात्री कोणी नव्हतं. तेव्हापासून या विषयावर हाताला लागेल ते वाचत गेले. त्यातलं थोडं इथे मांडते. (डॉक्टर वाचकांनी चुका दाखवाव्यात, राग येणार नाही.)

अतिदक्षता विभागाची गोष्ट बहुतेक जण कोपनहेगनपासून सुरू करतात. १९५२ च्या उन्हाळ्यात तिथे पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडाम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुलं रोज येत होती, आणि त्यांच्यासाठी यंत्रं किती? माणसाला आत झोपवायची लोखंडी पेटी एक आणि छातीवर बसवायची कवचं सहा. पहिल्या तीन आठवड्यांत असल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. रक्तात क्षार वाढलेला दिसायचा आणि तो का वाढतो हे कुणाला कळत नव्हतं. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाला बोलावलं, तेव्हा तो म्हणाला, अहो, हा वेगळा आजार नाही, श्वास अपुरा पडतोय आणि कार्बन डायऑक्साइड साठतोय. ऑपरेशनच्या टेबलावर त्याने हे पाहिलेलं होतं. २७ ऑगस्टला एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी घातली गेली आणि त्याने रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. मुलगी वाचली.

पण मुलं शेकड्यांनी, आणि पिशवी दाबायला हात हवेत. मग मेडिकलचे विद्यार्थी बोलावले. सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस, कित्येक महिने पिशव्या दाबल्या. पेशंट आणि विद्यार्थी एकमेकांचे तोंड बघत बसलेले, मध्ये ती पिशवी. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. पुढच्याच वर्षी इब्सेनने कायमचा अतिदक्षता विभाग काढला.

या गोष्टीत एक बारकावा मला फार आवडतो. इब्सेन १९४९-५० मध्ये बोस्टनला जाऊन वर्षभर भूलशास्त्र शिकून आला होता. आजच्या भाषेत फेलोशिपच. नेमक्या त्याच सुमारास आमच्या वरोऱ्याचा एक वकील, नगरपालिकेचा माजी उपाध्यक्ष, कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचं शिक्षण घेत होता. बाबा आमटे डॉक्टर नव्हते, तरी त्यांना तिथे घेतलं. परतल्यावर आनंदवन कसं उभं राहिलं ते मी सांगायला नको. योगायोगच म्हणायचा, पण वरोऱ्याच्या माणसाला असे योगायोग जपून ठेवावेसे वाटतात.

असो. आपल्याकडे मुंबईत डॉ. फारोख उदवाडियांनी जे. जे. रुग्णालयात धनुर्वाताचे रुग्ण कृत्रिम श्वासावर ठेवून वाचवले. धनुर्वातात आकडी इतकी कडक येते की छाती हलत नाही. स्नायू औषधाने सैल करायचे आणि कित्येक दिवस श्वास आपण द्यायचा, असं ते काम. ही पिढी पाहून, वाचून, परदेशात जाऊन शिकली. १९९३ मध्ये अतिदक्षता डॉक्टरांची भारतीय संघटना झाली आणि हळूहळू रीतसर अभ्यासक्रम आले. एमडीनंतर कुठे वर्षाची पदविका, कुठे दोन वर्षांची फेलोशिप, कुठे तीन वर्षांचं डीएम. चंदीगडच्या पीजीआयसारख्या संस्थेत फुप्फुस आणि अतिदक्षता हे एकत्रच शिकवतात, भाचा चाललाय तो त्याच विषयाला.

एवढं काय शिकायचं असतं? मशीनचं बटण तर कोणीही दाबेल, असं मलाही वाटायचं. भाच्याने मला २००० सालचा एक अमेरिकी अभ्यास समजावून सांगितला. फुप्फुसं सुजून पाण्याने भरलेले ८६१ रुग्ण. निम्म्यांना नेहमीसारखा मोठा श्वास, किलोला १२ मिलिलिटर. निम्म्यांना लहान, किलोला ६. मोठ्या श्वासवाल्यांत जवळजवळ ४० टक्के दगावले, लहानवाल्यांत ३१. आणि यातलं किलो म्हणजे काट्यावरचं वजन नव्हे, उंचीवरून काढायचं, कारण माणूस जाडा झाला म्हणून फुप्फुस मोठं होत नाही. म्हणजे आपण जीव वाचवतोय अशा समजुतीत जास्त हवा भरून तेच मशीन माणसाला मारू शकतं. हे ऐकल्यावर काकांच्या खोलीतलं ते कोरं यंत्र मला वेगळंच दिसायला लागलं.

आता आमच्याच जंगलातली गोष्ट. १९८२ पर्यंत गडचिरोली चंद्रपूर जिल्ह्यातच होतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग नागपूरला एमडी करून, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून १९८६ मध्ये तिथे आले. लहान मुलं न्यूमोनियाने (आमच्या आजीच्या भाषेत 'डब्बा') मरत होती आणि डॉक्टर कोसांवर. त्यांनी गावातल्या कार्यकर्त्यांना आणि दाईंना श्वास मोजायला शिकवलं. ज्या दाईला दहाच्या पुढे मोजता येत नव्हतं तिच्यासाठी मण्यांची पाटी आणि एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया, औषध सुरू. ५८ गावांत हे केलं, ४४ गावं तुलनेसाठी. उपचार मिळालेल्या न्यूमोनियाच्या मुलांत १०० मागे एकही पुरता मृत्यू नाही (०.८ टक्के), तुलनेच्या गावांत १३.५. हे १९९० मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं. पुढे नवजात बाळांच्या कामात गावातली आरोग्यदूत बाई न रडणाऱ्या बाळाच्या तोंडावर मास्क धरून पिशवी दाबायला शिकली. तीच कोपनहेगनची पिशवी, हात तेवढे गडचिरोलीच्या बाईचे.

यावरून "मग हवेत कशाला सुपरस्पेशालिस्ट?" म्हणणारे भेटतात. मला हे अजिबात पटत नाही. लाल मणी सरकल्यावर बहुतेक मुलं गोळ्यांनी बरी होतात, पण ज्याला नळी लागते त्याला मणी पुरत नाहीत. आणि मणी तरी कुणाला सुचले? खूप शिकून परत आलेल्यांनाच. चंद्रपूरला २०१५ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, डॉक्टर आता इथेही घडतात. काकूचं म्हणणं त्यापुढचं आहे, की रात्री अडीच वाजता मशीनजवळ कोण असेल.

भाच्याला सोडायला आम्ही वरोरा स्टेशनवर गेलो. गाडी लेट. काकू हट्टाने पूल चढून पलीकडच्या फलाटावर आली आणि बाकावर टेकली. हा तिच्याशी गप्पा मारतामारता मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होता.

"काय पाह्यतो रे, गाडी आली का?"

"नाही आजी, चोवीस. बस जरा वेळ, बोलू नको."