भंडाऱ्याची निवडणूक आणि कुजवायची मतं

आजचा भाग आंधळगावातून. मोहाडी तालुक्यातलं हे कोसा विणणाऱ्यांचं गाव, त्यामुळे मागे हातमागाची खटखट ऐकू आली तर चालवून घ्या.

इथं एक काका बोलता बोलता म्हणाले, "बाबासाहेब आपल्या भंडाऱ्यातून उभे होते, माहिताय का? हरले." मी गप्पच झालो. शाळेत घटना शिकलो, चवदार तळं शिकलो, पण हे नाही.

तर आधी वकील आंबेडकर. १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन ते मुंबईत परतले आणि हायकोर्टात वकिली सुरू केली. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि डिसेंबरात सवर्णांनी त्यांच्यावरच दावा ठोकला. म्हणजे वकीलसाहेब इथं प्रतिवादी! तळं आमचं, अस्पृश्यांनी पाणी न घेण्याची रूढी फार जुनी, असं समोरच्यांचं म्हणणं. मग सिद्ध करा की! त्यांना ते जमलं नाही. खालचं कोर्ट, जिल्हा कोर्ट, हायकोर्ट असं करत १७ मार्च १९३७ ला शेवटचा निकाल आला. एका तळ्यातल्या पाण्यासाठी जवळजवळ दहा वर्षं. त्याच वर्षी स्वतंत्र मजूर पक्षाकडून ते मुंबईच्या विधानसभेत निवडून गेले. पुढे घटना, कायदामंत्रिपद आणि १९५१ चा राजीनामा हे तुम्हाला माहीत आहेच, म्हणून पळवतो.

थांबायचंय ते १९५२ पाशी. तेव्हा काही मतदारसंघ दोन जागांचे असत, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. मतदाराला दोन मतपत्रिका मिळत. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, वर चिन्ह चिकटवलेलं. दोन्ही मतं एकाच पेटीत टाकली तर एकच मोजलं जाई, दुसरं बाद. याला म्हणत मत कुजवणं. का कुजवायचं? तर आपल्या दुसऱ्या मतानं कुणाचाच फायदा होऊ नये म्हणून.

मुंबईत बाबासाहेब काँग्रेसच्या नारायणराव काजरोळकरांकडून सुमारे १४,५०० मतांनी हरले. बाद झालेली मतं होती ७४ हजारांवर! मतं कुजवण्याचा प्रचार कम्युनिस्टांनी केला, अशी तक्रार घेऊन बाबासाहेब आणि समाजवादी अशोक मेहता यांनी निवडणूक अर्जही केला. तो फेटाळला गेला.

आता १९५४. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होतं. पोटनिवडणूक लागली, तीही दोन जागांची. बाबासाहेबांचा शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती, मेहतांची झोपडी आणि समोर काँग्रेसची बैलजोडी. कार्यकर्ते म्हणाले, साहेब, आपल्या लोकांना दुसरं मत कुजवायला सांगू. बाबासाहेबांनी साफ नकार दिला, ही आठवण विदर्भात आजही सांगतात. मला तो नकार अगदी वकिली वाटतो. दोन वर्षांपूर्वी ज्या गोष्टीविरुद्ध दाद मागितली, तीच आता कशी करायची?

निकाल आला. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर, मतं सुमारे १ लाख ४१ हजार. बाबासाहेबांना १ लाख ३२ हजार. सर्वसाधारण जागा अशोक मेहतांनी जिंकली, जवळपास दीड लाख मतं घेऊन.

"मतं कुजवली असती तर जिंकले असते" असं अनेक जण म्हणतात. मला नाही पटत. कुजवल्यानं मेहतांची मतं घटली असती, पण हत्तीच्या पेटीत एकही मत वाढलं नसतं. बोरकर पुढेच राहिले असते. दुसऱ्या जागेवर काँग्रेसचे पूनमचंद रांकाही त्यांच्या पुढे होते. खरी मेख मेहता आणि बाबासाहेब यांच्या मतांतल्या सतराएक हजारांच्या फरकात आहे. निदान तेवढ्या लोकांनी झोपडीच्या पेटीत मत टाकलं आणि हत्तीची पेटी टाळली. मित्रपक्षाच्या मतदाराला युती मान्य होती, पण शेजारची पेटी नव्हती. हे ऐकल्यावर काका बराच वेळ काही बोलले नाहीत.

बाबासाहेब राज्यसभेत होतेच, तिथेच राहिले. लोकसभेत त्यांना कधीच जाता आलं नाही. अडीच वर्षांत, १४ ऑक्टोबर १९५६ ला, ते पुन्हा विदर्भात आले, नागपूरला, धम्मदीक्षेसाठी. या वेळी मतं मागायची नव्हती.

दोन जागांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्यानं बंद झाले. निघताना काकांना मी विचारलं, तेव्हा तुमच्या घरातल्यांनी कुठल्या पेटीत टाकलं होतं? ते हसले आणि मागावर जाऊन बसले.