राखीव जागा : एकच शब्द, तीन इतिहास



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा आग्रह कार्यकर्त्यांनी धरला तेव्हा आम्हाला गिरणीतला एक जुना प्रसंग आठवला. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले होते. शेजारच्या साच्यावरचा एक सोबती, माणूस तसा चांगला, सहज बोलून गेला, "तुमच्या बाबासाहेबांनीच राखीव जागा दहा वर्षांसाठी मागितल्या होत्या. मग अजून कशाला पाहिजेत?" आम्ही गप्प बसलो. राग आला होता, पण उत्तर येत नव्हते. गंमत बघा, ती गिरणी खाजगी मालकाची. तिथे राखीव जागा कधी नव्हत्याच. आम्ही लागलो ते बदली कार्डावर. उलट आमच्या आजोबांच्या काळी साळखात्यात अस्पृश्याला घेतच नसत, कारण कांडी बदलताना धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न मांडला होता. म्हणजे राखीव असलेच तर ते साळखाते, आणि तेही दुसऱ्यांसाठी!

मागच्या वर्षी विहारातल्या अभ्यासवर्गात कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने आम्हाला तोच प्रश्न विचारला. तिलाही वर्गात कोणीतरी तेच ऐकवले होते. एवढ्या वर्षांत आम्ही थोडेफार वाचले होते. तिला सांगितले ते येथे लिहीत आहोत.

घोळ होतो तो 'राखीव' या एका शब्दामुळे. त्याच्या पोटात आपण तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबतो.

पहिली गोष्ट स्वतंत्र मतदारसंघ. गोलमेज परिषदेत बाबासाहेब जे भांडले त्यातून ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान मॅकडोनाल्ड यांचा जातीय निवाडा आला. प्रांतिक कायदेमंडळांत अस्पृश्यांना ७१ जागा मिळाल्या. पण खरे महत्त्व आकड्याला नव्हते. या जागांवर उमेदवार अस्पृश्य आणि मत देणारेही फक्त अस्पृश्य. शिवाय सर्वसाधारण मतदारसंघात आपल्याला दुसरे मत होतेच. म्हणजे आपला माणूस आपण निवडायचा आणि गावच्या पाटलालाही मतासाठी आपल्या वस्तीत यायला लावायचे. हे दुसरे मत लोक विसरतात.

गांधीजींनी २० सप्टेंबरला येरवड्यात उपोषण सुरू केले आणि २४ तारखेला पुणे करार झाला. तेथून दुसरी गोष्ट सुरू होते, ती म्हणजे राखीव मतदारसंघ. जागा ७१ च्या १४८ झाल्या. दुपटीहून जास्त! म्हणून काही विद्वान म्हणतात की करारात अस्पृश्यांचा फायदाच झाला. बेरीज बरोबर आहे, पण मते कोणाची ते विचारा. उमेदवार आपला, मतदार मात्र सगळे. एक पडदा ठेवला होता : आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चार जणांची निवड करायची आणि मग त्या चारांतून एकाला सर्वांनी मिळून निवडायचे. पहिल्या फेरीत पुढे असलेला आपला माणूस दुसऱ्या फेरीत पडायचा. १९४६ च्या निवडणुकांत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने हे भोगले. राज्यघटनेत ती पहिली फेरीही राहिली नाही.

१९५२ ची निवडणूक वडीलधाऱ्यांच्या तोंडून आम्ही कितीदा ऐकली आहे. उत्तर मुंबईतून तेव्हा दोन खासदार निवडायचे होते, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. मतदार दोघांनाही तेच. राखीव जागेवर बाबासाहेब उभे आणि निवडून आले काँग्रेसचे नारायण काजरोळकर. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही बाबासाहेबांचा पराभव झाला. राखीव जागेवर आपली संख्या मोजली जाते, आपले मत मोजले जाईलच असे नाही. स्वतंत्र आणि राखीव यांतला फरक याहून सोपा करून आम्हाला सांगता येणार नाही.

तिसरी गोष्ट नोकरी आणि शिक्षण. हिचा जन्म पुणे करारातला नाही. करारात नोकऱ्यांबद्दल एक कलम होते, पण त्यात आकडा नव्हता, नुसते प्रयत्नाचे आश्वासन. कोल्हापुरात शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा ठेवल्या, तो कराराच्या तीस वर्षे आधीचा. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४३ साली केंद्राच्या नोकऱ्यांत शंभरात सव्वाआठच्या किंचित वर एवढा वाटा ठरला, पुढे १९४६ साली तो साडेबारा झाला.

आता त्या दहा वर्षांकडे येऊ. ती मुदत घटनेच्या ३३४ व्या कलमात आहे आणि ती लोकसभा-विधानसभेच्या राखीव जागांना आहे. तीच दर दहा वर्षांनी संसद वाढवत आली. २०१९ च्या १०४ व्या दुरुस्तीने ती जानेवारी २०३० पर्यंत गेली. नोकऱ्यांचे कलम १६(४). त्यात मुदतीचा शब्दही नाही. शिक्षणाचे १५(४) हे तर मद्रासच्या खटल्यानंतर १९५१ साली आले, त्यातही नाही. आणि दहाचा आकडा बाबासाहेबांनी मागितला हेही खरे नाही. आपली स्वतःची याहून जास्त मुदतीची तयारी होती, असे त्यांनी घटना समितीत बोलून दाखवले होते.

मग बाबासाहेबांनी राखीव जागा नकोत असे कधी म्हटले नाही का? म्हटले. ऑगस्ट १९५५ मध्ये फेडरेशनच्या कार्यकारिणीने तसा ठराव केला. पण तो कायदेमंडळे आणि स्थानिक संस्थांतल्या राखीव जागांबद्दल होता. १९५२ आणि ५४ नंतर तो का आला हे वाचकांच्या लक्षात येईल. त्या ठरावाचे अर्धे वाक्य उचलून आज नोकऱ्यांविरुद्ध वापरतात आणि आपली शिकलेली मुलेही मान डोलावतात, याचे आम्हाला वाईट वाटते.

धम्म स्वीकारल्यावर आपल्या लोकांच्या सवलती गेल्या, त्याचीही यात नोंद हवी. महाराष्ट्र राज्यात त्या १९६० नंतर मिळू लागल्या, केंद्रात मात्र १९९० पर्यंत थांबावे लागले. ज्या घरांनी तो काळ काढला ती घरे याच वस्तीत आहेत, त्यांना विचारा.

सगळे ऐकून ती मुलगी म्हणाली, "काका, बाबासाहेबांनी १९४७ साली 'राज्ये आणि अल्पसंख्याक'मध्ये स्वतंत्र मतदारसंघ पुन्हा मागितला होता ना? मग आपण मागावा का?" तिने ते पुस्तक आमच्या आधीच वाचले होते. यावर पुढच्या रविवारी वर्गात बसू, असे आम्ही तिला सांगितले. त्या रविवारी नेहमीपेक्षा जास्त मुले आली होती.